चूक कोणाची

बायको मालिनी गेली त्या दिवशी रघुवीर खातूंना फोन तिच्या आपोआप चालणाऱ्या गाडीनेच केला. शांत आवाजात गाडी म्हणाली, "कुंभार्ली घाटात अपघात झाला आहे. प्रवासी महिला मरण पावली आहे. चूक प्रवाशाची आहे."

आता नवी गाडी अंगणात आली होती, पण विमा उतरवल्याशिवाय ती दार उघडत नव्हती. कराडला दिलेल्या लेकीला पहिल्या बाळंतपणासाठी चिपळूणला आणायचं होतं आणि एसटीचे धक्के तिला झेपणारे नव्हते. विमा कंपनीची तन्वी ओटीवर येऊन बसली होती.

"काका, नवा विमा उतरवायचा तर मागच्या अपघातात चूक कोणाची, एवढं तुमच्या तोंडून हवं."

"गाडीची."

"गाडी चुकत नाही, तसा कायदाच आहे. काकूंनी मधेच ब्रेक दाबल्याची नोंद आहे."

"समोर वासरू आलं म्हणून दाबला. तुमच्या गाडीला ते दिसलं नाही?"

तन्वीने मान खाली घातली. "दिसलं होतं. त्याला उडवून पुढे जाणं सुरक्षित, असं गाडीने ठरवलं होतं."

"म्हणजे वासरू वाचवलं, हा माझ्या बायकोचा गुन्हा."

"काका, एक शब्द बोलून टाका. ताई वाट बघत असतील."

"तिच्या आईला दोषी ठरवून तिला माहेरी आणू? मग त्या पोरीला तोंड कसं दाखवू?" खातू उठले. "चहा पिऊन झाला असेल तर नीघ."

गाडी अंगणात बंदच आहे. लेकीला आणायचं अजून राहिलं आहे.