सोबत एक

माझ्या नॉर्वेजियन सासूबाई दर शनिवारी मला स्कीवर डोंगर चढायला नेतात आणि वरच्या लाकडी खोपटातल्या नोंदवहीत लिहितात, "सिग्रून. सोबत एक." एकदा मी चिडलेच, "अहो आई, मला नाव नाही का?" तर म्हणाल्या, "वाट काढणाऱ्याचं नाव लिहायचं, सूनबाई. मागून येणारे नुसते मोजायचे." आज पायथ्याशीच धुकं होतं. त्यांनी खिसे चाचपले. "चष्मा घरी राहिला बघ. नकाशा तूच धर." मी त्यांना भलत्याच तळ्यावर नेलं, होकायंत्राशी भांडले, परत फिरले. त्या माझ्या स्कीच्या खुणांवरून मागून येत राहिल्या. दोन तास उशिरा खोपट दिसलं, तेव्हा मला रडूच फुटलं. "रडतेस काय? चूल पेटव," म्हणत त्यांनी वही ओढली, आतल्या खिशातून चष्मा काढून नाकावर चढवला आणि सावकाश लिहिलं, "केतकी. सोबत एक म्हातारी."