आबांचं ध्यान, आईंचा काकडा

सासू-सासऱ्यांच्या देवधर्मातून गायत्रीला काय मिळणार होतं? रोज पहाटेचा दीड तास. सासूबाई निर्मलाबाई काकडआरतीला जायच्या, सासरे भिलाआबा ध्यानाला बसायचे, आणि तेवढा वेळ लोणखेड्यातल्या त्या घरात तिला कोणी हाक मारत नसे. नवरा सुरतेला. तांदळाच्या कोठीमागून पुस्तक निघे आणि तलाठ्याच्या परीक्षेचा अभ्यास सुरू होई.

चोरून. कारण लग्नाच्या आठवड्यातच सासूबाईंनी चार बायकांसमोर सांगून टाकलं होतं, "शिकनं ते झायं, आते घर सांभाय."

भक्ती मोठी की ध्यान, यावर दोघा म्हाताऱ्यांचं रोज वाजे.

"डोया मिची बसतस, त्याले ध्यान म्हनतस? झोप शे ती!"

"अन तू टाया कुटीसन काय दिवा लावा?"

हा तंटा कधी मिटू नये, एवढंच गायत्रीचं मागणं. सासूबाईंना ध्यान पटलं आणि त्या घरीच बसू लागल्या, की तिची परीक्षा बुडालीच.

आबांचं ध्यान पक्कं. एकदा मांजरीने समोरच दुधाचं पातेलं लवंडलं, तरी पापणी हलली नाही. सासूबाई परतत तेव्हा त्यांच्या लुगड्याला धुराचा वास येई. गायत्रीला वाटे, धुपाचा.

परीक्षेच्या तोंडावर थंडीचा कडाका पडला. सासूबाईंचे गुडघे धरले.

"आई, आज ऱ्हाऊ द्या ना," गायत्री तोंडदेखलं म्हणाली आणि मनातून देवाचा धावा करू लागली.

"देव काय रजावर शे?" म्हणत सासूबाई निघाल्या. गायत्रीचा जीव भांड्यात पडला.

परीक्षा झाली आणि पुढे एका संध्याकाळी मोबाइलवर निकाल आला. गायत्री पास. दुसऱ्या पहाटे ती नारळ घेऊन मारुतीच्या देवळात गेली. सासूबाईंना देवासमोरच सांगावं, म्हणजे त्यांना ओरडता येणार नाही.

आरतीत सासूबाई नव्हत्या.

"निर्मलाबाई?" पुजारी दगाबुवा हसले. "ती कव्हय येस आठे? फाटावर चहानी टपरीनी शेकोटीजोडे बशेल ऱ्हास. मालेच सांगे, कोठीमांगे बहूनं पुस्तक दिखनं. पन चार बायकासमोर बोलाई गयं, आते माघार कशी लेऊ?"

गायत्री तशीच घरी आली. आबा ध्यानात होते. ती त्यांच्यासमोर बसली.

"आबा, मी पास."

डोळे न उघडताच आबा म्हणाले, "मंग आते चहा ठेव माय. वरीस झायं, सकायना चहा नही. डोया उघाडात का तुले पुस्तक ठेईसन उठनं पडे."

आबांचा चहा गेला, सासूबाईंचे गुडघे गेले. देवाकडे मात्र दोन्ही मार्गांनी कोणीच पोचलं नव्हतं.