सोमवारचं मौन

वडील, म्हणजे अप्पा, दर सोमवारसारखे कपिलधारला दर्शनाला निघाले असतील एवढा वेळ शिवानीनं जाऊ दिला आणि मग माहेरी फोन लावला. उजव्या कानाला. डावा पोळ्यापासून भणभणत होता.

पलीकडून नेहमीसारखी जपमाळेच्या मण्यांची टिकटिक आली. दिवाळीनंतर आईनं सोमवारचं मौन धरलं होतं, सांजेचा दिवा लागेपर्यंत. एरवी फोन अप्पांच्या खिशात. दर्शनाला जाताना तेवढा देवघरात आईसमोर ठेवून जायचे; पडद्यावर लेकीचा फोटो उजळला की ती उचलायची.

दिवाळीत शिवानी परत नांदायला जायचं नको म्हणाली होती. तेव्हा आई जन्मात पहिल्यांदा अप्पांसमोर बोलली, "राहू द्या लेकराला." दुसऱ्या दिवशी अप्पांनी लेकीला सासरी, कड्याला, जाणाऱ्या गाडीत बसवलं. आई निरोपालाही उठली नाही. ताप आलाय, म्हणाले.

तेव्हापासून शिवानी सोमवारीच मन मोकळं करायची. नवऱ्यानं, संगमेश्वरनं, कशावरून हात उचलला, सासू काय बोलली, सगळं. मौनातली आई 'सोस बाई, बायकांचा जन्मच असा' म्हणत नव्हती. साऱ्या जगात एक माणूस आपलं नुसतं ऐकून घेतंय, एवढ्यावर आठवडा निघायचा.

आज तिनं विचारलं, "आई, पुढच्या सोमवारी येते. कायमची. चालंल ना? चालत असंल तर मणी वाजव."

टिक. टिक.

पुढच्या सोमवारी ती आली तेव्हा दार उघडंच होतं. आई पाठमोरी, देवापुढं वात वळत बसलेली. शिवानी सवयीनं तिच्या उजव्या अंगाला सरकली. लहानपणी पूजेला डावीकडं बसलं की आई हाताला धरून उठवायची. काहीतरी नेम असेल देवाचा.

"आले बघ, आई. तू हो म्हणलीस म्हून आले."

आई गप्प. नेम मोडत नाही, याचंही शिवानीला बरंच वाटलं. पिशवी ठेवायला ती वाकली, तर धक्का लागून फळीवरची पितळी घागर फरशीवर कोसळली. ठणठणाटानं घर भरलं. शिवानीचा हात डाव्या कानावर गेला.

आईच्या बोटांतली वात हललीसुद्धा नाही.

घागर घरंगळत जाऊन तिच्या गुडघ्याला लागली, तेव्हा ती दचकून वळली. समोर लेक, पिशवी, कानावर धरलेला हात. आई उठली. तिनं तो हात हलकेच बाजूला केला, कानावरून बोटं फिरवली आणि सोमवार असून बोलली.

"माझाबी आधी डावाच गेलता."