मागची शीट

गिऱ्हाईक ओट्यावर चहा पीत बसलं होतं आणि विकायच्या गाडीचाच पत्ता नव्हता.

रणजीत फाटकापर्यंत चकरा मारत होता. गाडी त्याच्या जिवाची. लाल, बुटकी, बटण दाबलं की छप्पर मागं दुमडणारी, आणि आत माणसं फक्त दोन. वर्षापूर्वी चिखलीत आणली तेव्हा बघायला अख्खी आळी लोटली होती. पहाटे छप्पर उघडून निघालं की रणजीतला स्वर्ग दोन बोटं उरायचा. उन्हं वर आली की मात्र चाकणच्या रस्त्याची धूळ डोक्यात, डंपरचा धूर नाकात, आणि प्रत्येक गतिरोधकावर गाडीचं पोट घासायचं ते थेट त्याच्या काळजाला. तेही त्यानं हसत सोसलं.

पण घर मोठं. कुठं जायचं तर सगळे जुन्या जीपमध्येच. वडील सोनबा चालवणार, शेजारी कुणीतरी भावकीतला बाप्या, आणि आई छबूबाई मागं, पोरं आणि डबे सांभाळत. लाल गाडी दारात नुसती पुसायला. शेवटी सोनबांनी लेकाला सुनावलं, "जिला मागची शीट न्हाई, ती कसली गाडी? इकून टाक." वडिलांचा शब्द रणजीतनं आजवर मोडला नव्हता.

आज नेमकी जीप गॅरेजला होती आणि छबूबाईंचे गुडघे चिंचवडच्या डॉक्टरला दाखवायचे होते. सोनबांनी नाक मुरडत लाल गाडीची किल्ली घेतली. "धाच्या आत येतो," म्हणाले. आता साडेअकरा झाले होते. फोन उचलत नव्हते. रणजीतला धास्ती वाटत होती, आणि खरं सांगायचं तर गिऱ्हाईक कंटाळून गेलं तर बरं, असंही वाटत होतं. पण काळेवाडीहून आलेला जयदीप चिवट. त्यानं दुसरा चहा मागितला.

तेवढ्यात चुलत्याचा, दत्तोबांचा फोन आला. "अरं, तुझा बा देहूरोडच्या पुढं दिसला. छप्पर उघडं टाकून. मी हात केला, तर थांबला न्हाई."

डॉक्टर चिंचवडला आणि हे देहूरोडला. रणजीतनं वडिलांना पुन्हा फोन लावला.

बाराला गाडी आली. सोनबांच्या डोक्यावर टोपी नव्हती, पांढरे केस ताठ उभे होते. छबूबाईंचा पदर खांद्यावर आला होता आणि मांडीवर भज्यांचा कागद होता. आईला असं मोकळं हसताना रणजीत पहिल्यांदाच बघत होता.

"डॉक्टर काय म्हणाला, आबा?"

"ऱ्हायलंच बघ ते," सोनबा दुसरीकडं बघत म्हणाले.

जयदीपनं पुढं येऊन किल्लीसाठी हात केला. सोनबांची मूठ काही उघडेना. छबूबाई तर जागेवरून उतरल्याच नाहीत. घरातल्या व्यवहारात त्या आजवर एक शब्द बोलल्या नव्हत्या.

"गाडी इकायची न्हाई," त्या म्हणाल्या.

रणजीतला आनंदानं नाचावंसं वाटलं. तरी तो चाचरत म्हणाला, "अगं पण आई, हिला मागची शीट न्हाई."

"व्हय," छबूबाईंनी पदर डोक्यावर घेतला आणि हळूच नवऱ्याकडं पाहिलं. "म्हणून तर बेचाळीस वर्सांनी ह्यांच्या शेजारी बसले."