हिरवा खण

"आई, इथं नर्सरीत घालताना मुलांची मुलाखत घेत नाहीत. उलट बाईच भाविकाला भेटायला घरी येणार आहेत!" मृणालीनं इंग्लंडहून अंजूरला फोन केला. "पण ही माझं बोट सोडत नाही, इंग्रजी येत नाही. राहील का गं तिथं?"

"पयल्यांदा घरा आलेली बाय रिकामी न्हाय धाडायची," धोंडूबाई म्हणाली. "बॅगेत आपल्या लूमवरचा हिरवा खण दिलाय, वटी भर तिची."

नर्सरीच्या पहिल्या दिवशी मृणालीचा पुन्हा फोन आला.

"लय रडली का गो पोर?"

"बाई फाटकातच उभ्या होत्या, तुझा खण गळ्यात गुंडाळून. भाविकानं माझं बोट सोडलं नि म्हणाली, 'तू जा घरा. ही आजीची बाय हाय.'"