इथे आवाज भरून येतो

"इथे आवाज भरून आला पाहिजे," पाळकसाहेब आरशातल्या स्वतःला म्हणाले. "'हे दयाळू पित्या' म्हटलं की थांबायचं. आवंढा गिळायचा. मग हळूच, 'आम्ही अपात्र आहोत.'"

त्यांनी आवंढा गिळून पाहिला. जमला नाही. घोटभर पाणी पिऊन पुन्हा गिळला, तेव्हा झकास उतरला.

चर्चला लागून असलेल्या, झगे टांगायच्या चिंचोळ्या खोलीत उपासनेआधी त्यांची अशी तालीम नेहमीच चाले. मंडळीचा मात्र ठाम विश्वास होता, की पाळकसाहेबांना प्रार्थनेचे शब्द आयत्या वेळी थेट वरून येतात. पाळकसाहेबांनी तो कधी मोडला नव्हता. लोकांचा विश्वास मोडणं पाळकाला शोभत नाही, अशी त्यांनी स्वतःची समजूत घातली होती. आज प्रवचनाचा विषय पवित्रता, त्यामुळे तालीमही जरा रंगली होती. जाड दाराबाहेर कमालीची शांतता होती. मंडळी अखेर उपासनेला नीट बसायला शिकली, असं वाटून ते सुखावले.

"'अपात्र'वर हात छातीशी," ते आरशाला म्हणाले. "त्या दफनाच्या वेळी केलं होतं, अगदी तसं. तेव्हा काय छान जमलं होतं!"

दार उघडून त्यांची बायको आत आली. तिने त्यांच्या कॉलरला लावलेल्या नव्या माईकचं बटण दाबलं. हिरवा दिवा विझला.

पाळकसाहेबांनी विझलेल्या दिव्याकडे पाहिलं. "किती ऐकलं?"

"घसा खाकरलात तिथपासून."

"सगळ्यांनी?"

"आत्याबाईंना कमी ऐकू येतं. त्यांना शेजारणीने समजावून सांगितलं."

"आणि सुतार?"

बायकोने मान खाली घातली. "अहो, तो तर पहिल्याच बाकावर बसलाय."

सुताराची बायको मागच्याच महिन्यात गेली होती. दफनाच्या वेळी त्याच्या डोळ्यांत टिपूस नव्हतं. प्रार्थनेत पाळकसाहेबांचा आवाज भरून आला आणि तो ढसाढसा रडला. नंतर त्यांचा हात दोन्ही हातांत धरून म्हणाला होता, "तुम्ही माझ्या बायकोसाठी रडलात. हे मी मरेपर्यंत विसरणार नाही." तेव्हापासून तो हसत नव्हता, कुणाशी धड बोलत नव्हता, पण रविवार चुकवत नव्हता. त्याला एवढा एकच आधार होता, आणि तो पाळकसाहेबांनी नुकताच लाऊडस्पीकरवरून काढून घेतला होता.

"मागच्या दाराने जाता येईल का?" त्यांनी विचारलं.

"येईल की," बायको म्हणाली. "आजच्या विषयाला शोभेल का, तेवढं बघा."

ते बाहेर आले. व्यासपीठावर चढले आणि माईकचं बटण दाबलं.

"हे दयाळू पित्या," असं म्हणून ते थांबले. हे थांबणं बसवलेलं नव्हतं. पुढचं काही आठवेना. आवंढा गिळायला गेले, तर घशाला कोरड पडलेली. पहिल्या बाकावरून सुतार त्यांच्याकडे एकटक पाहत होता.

"मला प्रार्थना येत नाही," ते म्हणाले. "मी पाठ करून येतो. रडणंसुद्धा." मग ते सुताराकडे वळले. "त्या दिवशीचं रडणंही आरशासमोर बसवलेलं होतं. मला माफ करा, भाऊ."

सुतार उठला. आता हा तरातरा निघून जाणार आणि पुन्हा या दारात पाऊल ठेवणार नाही, असंच सगळ्यांना वाटलं.

"पाळकसाहेब," तो म्हणाला, "तिच्या कबरीकडे जाताना मीही काय बोलायचं ते वाटेत घोकत जातो. तिथे पोचलं की तोंडातून शब्द फुटत नाही. नुसता बसतो नि परत येतो. देवाला असलं चालतं का, मला माहीत नाही. तिला चालतं." आणि तो बाकावर जरा सरकला. "तुम्हीही बसा."

पाळकसाहेब खाली उतरून त्याच्या शेजारी बसले. प्रवचन वरच राहिलं. कुणी काही बोलेना, कुणी गाणंही सुरू करेना. सगळं चर्च बराच वेळ तसंच बसून राहिलं.

"आता काय चाललंय?" आत्याबाईंनी खणखणीत आवाजात विचारलं.

"प्रार्थना," शेजारीण म्हणाली.

उपासना संपल्यावर पाळकसाहेब झगा उतरवायला खोलीत आले. मंडळी त्यांच्या निरोपासाठी बाहेर थांबली होती. मन कसं हलकं झालं होतं. त्यांनी आरशात पाहिलं. समोरचा माणूस त्यांना बऱ्याच दिवसांनी आवडला.

"काय सुंदर झालं!" ते त्याला म्हणाले. "ते खाली येऊन बसणं तर फारच छान. पुढच्या रविवारीही असंच करावं. फक्त 'येत नाही'च्या आधी जरासं थांबायचं."

अर्धवट उघड्या दारातून त्यांना आपलाच आवाज ऐकू आल्यासारखं वाटलं. पण त्याकडे त्यांनी लक्ष दिलं नाही. आपला आवाज त्यांना एरवीही सगळीकडे ऐकू येई.

"थांबायचं, आणि आवंढा गिळायचा, पाळकसाहेब!" बाहेरून सुतार ओरडला.

अख्खं चर्च खो-खो हसत सुटलं. त्या गदारोळातही एक हसणं वेगळं कळत होतं. ते महिनाभर न वापरलेलं, अडखळत निघालेलं, पण आता काही केल्या थांबत नसलेलं हसणं सुताराचं होतं.

पाळकसाहेबांनी माईक बंद केला, हिरवा दिवा विझल्याची दोनदा खात्री करून घेतली, आणि मग त्यांचा आवाज भरून आला.