एकाच डोक्याचं जाळं

निलेशने कंट्रोलरचा गळा चौथ्यांदा आवळला आणि पडद्यावरचे सोळाच्या सोळा स्विच गप्प पडले.

"बघा मॅडम," तो म्हणाला. "डोकं उडवलं की खेळ खलास. माहितीचं एक पॅकेट पुढे सरकत नाही."

मालन मॅडम त्याच्या एम.टेक.च्या गाईड. रत्नागिरीच्या त्या कॉलेजात त्यांच्याइतकं नेटवर्क कुणाला कळत नव्हतं. पडद्यावरचं सगळं लुटुपुटीचं होतं. एका बाजूला जुन्या पद्धतीचं जाळं, त्यातला प्रत्येक स्विच माहिती कुठल्या वाटेने धाडायची ते आपल्या अकलेने ठरवणारा. दुसऱ्या बाजूला नवं जाळं. तिथे सगळी अक्कल एकट्या कंट्रोलरकडे, स्विच नुसते हुकमाचे ताबेदार. मधली वायर तोडली की जुन्यांना नवी वाट शोधायला तीस सेकंद लागत. नवे डोळ्याचं पातं लवायच्या आत वळत. निलेश त्या एका डोक्याच्या प्रेमातच पडला होता.

"कंट्रोलर मारल्यावर तू दर वेळी नवीनच पॅकेट सोडतोस," मॅडम म्हणाल्या. "आधीच्या हुकमाने वाटेला लागलेल्यांचं काय होतं, ते कधी पाहिलंस?"

"उद्या बघतो, मॅडम."

तेवढ्यात त्याचा फोन थरथरला. व्हिडिओ आला होता. त्यात त्याचा धाकटा भाऊ सागर लांज्याजवळच्या चिरेखाणीच्या काठावर गुडघ्यांवर बसवलेला. हात मागे बांधलेले, पुढचे दोन दात गायब, शर्ट रक्ताने अंगाला चिकटलेला. मागे खाणवाल्या रावजीचा माणूस धोंडू हातात दांडका घेऊन उभा होता.

निलेश बाहेर धावला. पाठोपाठ रावजीचाच फोन आला.

"तुज्या भावाने सुरुंगाचं शूटिंग केलंन. ता कार्ड तुज्याकडं हाय, म्हायती हाय मला. सहाच्या आत घराकडं घेवन ये. एकटा ये."

रावजीची खाण त्यांच्या काजूच्या बागेखाली शिरली होती. सागरने गुपचूप चित्रीकरण केलं, त्याचं मेमरी कार्ड निलेशकडे ठेवलं आणि तक्रार ठोकली. निलेश त्याला नको नको म्हणत होता.

हातखंब्याला रावजीच्या घराकडे गाडी पळवताना निलेशचं डोकं मात्र थंड चाललं होतं. गेल्या वर्षीही एकाने रावजीविरुद्ध तक्रार केली होती. मग घाबरून मागे घेतली, कागद नेऊन दिले, पाया पडला. आठ दिवसांनी तो खाणीच्या पाण्यात सापडला. वाघ म्हटलं काय नि वाघोबा म्हटलं काय, खायचं ते तो खातोच.

पण रावजीची वीस माणसं म्हणजे वीस मुकी जनावरं. त्याने सांगितल्याशिवाय पाणीसुद्धा पीत नाहीत, असं सारा तालुका म्हणायचा. निलेशला पडद्यावरचे सोळा स्विच आठवले. त्याला भीती वाटत होती, आणि भीतीच्याही वर राग चढत होता.

रावजी पडवीत एकटाच सुपारी कातरत बसला होता. घरची मंडळी हेदवीला गणपतीच्या दर्शनाला गेलेली. त्याने कार्ड उलटसुलट पाहिलं आणि अडकित्त्यात धरून त्याचे दोन तुकडे केले. मग उठून निलेशच्या कानफटात अशी लगावली की त्याच्या ओठातून रक्त आलं.

"ही भावाला समजावलं नायस म्हणून," तो म्हणाला. त्याने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. सहाला दहा कमी होते. त्याने घाईने फोन उचलला. "थांब जरा. धोंड्याला सांगतो."

पुरावा संपला होता. उरला होता तो साक्षीदार. रावजी धोंडूला काय सांगणार, हे निलेशला दिसतच होतं.

कोपऱ्यात नारळ सोलायची पहार होती. पहिला घाव खांद्यावर बसला आणि फोन फरशीवर घसरत गेला. रावजी ओरडला, कोसळला आणि अंगावर धावून यायचं सोडून रांगत फोनकडे निघाला.

"फोन दे," तो घोगऱ्या आवाजात म्हणाला. "आयक माजा... सहा..."

निलेशने पहार त्याच्या पंजावर आणली. बोटं कडाकडा मोडली. रावजीने दुसरा हात पुढे केला. तिसरा घाव डोक्यात बसला. चौथा आणि पाचवा कशासाठी घातले, हे निलेशलाही सांगता आलं नसतं.

मग पडवी शांत झाली. न्हाणीत जाऊन त्याने कोपरापर्यंत हात धुतले, तोंड धुतलं, ओकला, पुन्हा तोंड धुतलं. आयुष्यात त्याने माशीही मारली नव्हती; माणूस मारून इतकं हलकं वाटेल, असं त्याला वाटलं नव्हतं. सागर वाचला होता. हुकूम देणारंच आता कुणी उरलं नव्हतं. धोंडू फोनची वाट बघत बसेल. अर्ध्या तासात आपण लांज्याला पोचू, पोलिसांना घेऊनच खाणीवर चढू. पुढे फाशी होवो नाहीतर जन्मठेप, भाऊ घरी जेवायला असेल.

तो गाडीची किल्ली शोधत असतानाच फरशीवरचा फोन वाजला. पडद्यावर धोंडूचं नाव होतं. निलेशने फोन उचलून कानाला लावला.

"भाऊ," धोंडू म्हणाला, "तुमी सकाळी बोल्लेलाव ना, सहापर्यंत माजा ‘सोड’ म्हणून फोन आला नाय तर ढकलून द्या? सहा वाजले, ढकललाव."